हिरवं डावीकडे

४ एप्रिल

आज पुदिना खुडण्याजोगा झाला. दिवसभरात चांगलं असं एवढंच घडलं, म्हणून आधी तेच लिहून टाकतो.

गच्चीवर माझी बाग आहे. बाग म्हणजे काय, धुण्याच्या मशीनचे तीन ड्रम. पंखे, मिक्सर, धुण्याची मशीनं दुरुस्त करायचं दुकान बंद केलं, तेव्हा हे भंगारात द्यायचे राहून गेले होते. ड्रमला आयती भोकं असतात, पाणी तुंबत नाही. एकात पुदिना, एकात कोथिंबीर, एकात शेपू. आणि एका फुटक्या बादलीत ती परदेशी तुळस, बेझिल म्हणतात ती. हे सगळं कसं लावायचं ते कुणी शिकवलं नाही. मोटारीत तारा गुंडाळायचं वायंडिंगही कुणी शिकवलं नव्हतं. जाळत जाळत शिकलो.

हा उद्योग हौसेचा नाही. हिवाळ्यात हिला मेंदूचा झटका आला. डावा हात लुळा पडला, डावा पाय ओढत चालते. जीभ मात्र शाबूत आहे, आधीपेक्षा धारच आलीय. डॉक्टरांनी मीठ निम्म्यावर आणलं आणि वर सांगितलं, वजन वाढलं पाहिजे. या उकाड्यात, अळणी खाऊन, वजन कसं वाढायचं ते त्यांनी सांगितलं नाही. कपडे हिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे लोंबतात. आमची लेक चिमी (चाळिशी आली तरी चिमीच) फोनवर स्पष्ट म्हणाली, "बाबा, महिनाअखेर मी येते. तोवर आईच्या अंगावर मांस चढलं नसेल तर तिला घेऊन जाणार." तिचं काही चूक नाही. पण तिचं शहर लांब, आणि ही एकदा गेली की परत यायची नाही, हे मला आतून ठाऊक आहे.

म्हणून ठरवलं. मीठ नाही तर नाही, हिरव्याने चव आणायची.

आज पुदिना, कोथिंबीर, लिंबू असं वाटण केलं. ताट माझ्या आईच्या शिस्तीप्रमाणे वाढलं. आई म्हणायची, पोटभरीचं उजवीकडे, हिरवं आणि आंबट डावीकडे. ताट बघूनच माणसाला भूक लागली पाहिजे. उजवीकडे डाळ, मध्ये भात, डावीकडे वाटण आणि दही-काकडी.

हिने वाटणाला बोटसुद्धा लावलं नाही. दही-काकडीलाही नाही.

७ एप्रिल

वाटण बदललं. लिंबू कमी, जिरं भाजून घातलं. पुन्हा तेच. शेवटी न राहवून विचारलं, "अगं, वाटण का टाकलंस?"

"कुठलं वाटण?"

तोंडावर! ताट समोर, हिरवागार गोळा त्यात बसलाय, आणि ही मला विचारते, कुठलं वाटण. लग्न झाल्यापासून हिची ही खोड आहे. एखादा पदार्थ आवडला नाही की तो जन्मालाच आला नाही, अशा थाटात बोलायचं. आजवर हसून सोडून द्यायचो. पण आजवर मी भर उन्हात गच्चीवर पाणी घालून, पानं निवडून, पाट्यावर वाटून ते केलेलं नसायचं.

"बरं," म्हटलं आणि ताट उचललं. उचलताना पाहिलं तर भातसुद्धा मधोमध सुरीने कापल्यासारखा निम्मा उरलेला. माझ्या वाटणाला टेकलेला भातही बाईसाहेबांना चालत नाही!

८ एप्रिल

शेपू घालून बटाटे. डावीकडे. नाही खाल्ले.

१२ एप्रिल

तीन दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं आणि चिडचिडीला शाई कशाला घालवायची.

हिचं मन उडालंय असं वाटायला लागलंय. आज स्वतःच वेणीफणी केली म्हणाली. बघतो तर उजवीकडचे केस चापूनचोपून बसवलेले आणि डावीकडे नुसता झिंज्यांचा पसारा. मी म्हटलं, "इकडचं राहिलं की." म्हणाली, "झालंय सगळं, माझं मला कळतं." उजव्या हातात फणी असूनही माणूस अर्धं डोकं तसंच सोडतो, याला मन उडाल्याशिवाय दुसरं काय म्हणायचं?

दाराच्या चौकटीला खांदा आपटून घेते. तोही नेहमी तोच, लुळा. काळानिळा झालाय. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. धरून धरून चष्मेवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, "आजोबा, नंबर आहे तोच आहे. डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत आजींचे." परत येताना ही म्हणाली, "मला सगळं दिसतं हो. तुम्हालाच उगीच पैसे उधळायची हौस."

व्यायामाच्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या, त्यांना तरी विचारलं असतं. पण त्यांची आई आजारी पडली म्हणून त्या गावी गेल्या आहेत. महिनाभर कुणीच नाही. मीच हात वरखाली करून घेतो, आणि हिच्या शिव्या खातो.

१३ एप्रिल

बेझिलचं थंड सूप केलं, टोमॅटोचं. वाटीत. वाटी डावीकडे ठेवली, कारण ते हिरव्याच्याच घरातलं. तसंच परत आलं, वर माशी बसलेली.

मी प्यायलो. बरं झालं होतं. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला या घरात दुसरं कोण आहे!

१५ एप्रिल

दुकानाशेजारचा घड्याळजी आला होता. आमचा जुना दोस्त. दोन दुकानांमध्ये फक्त एक भिंत होती. माझा पंखा आणि त्याचं घड्याळ एकाच वायरवर चालायचं. हिच्यासाठी कलिंगड घेऊन आला. माझ्या खुर्चीत, हिच्या डाव्या हाताला बसला. जेवताना मी तिथेच बसतो. हात लुळा त्या बाजूचा, पेला कलंडला तर धरायला बरं.

घड्याळजीने चेष्टामस्करी केली, तब्येत विचारली, वहिनी वहिनी म्हणून चार वेळा हाक मारली. ही खिडकीकडे बघत बसली. एकदा नुसतं म्हणाली, "कोण आलंय हो?"

त्याचा चेहरा पडला. जिना उतरताना म्हणाला, "वहिनींना माझं येणं आवडलेलं दिसत नाही."

"तसं नाही रे," म्हटलं. पण तसं नाही तर कसं, हे मला तरी कुठे सांगता येत होतं!

संध्याकाळी हिला झाडलं. "घरी आलेल्या माणसाशी असं वागतात?"

"आलं तरी कोण होतं? तुम्हीच आत कुणाशी तरी बोलत होतात."

मी हात टेकले. कलिंगडात पुदिना चुरून ठेवला होता, तो मी आणि मुंग्यांनी संपवला.

१८ एप्रिल

आज मात्र हद्द झाली. जेवताना मी शेजारी बसून सांगत होतो, पुदिन्याच्या ड्रमातून कोंब कसे भोकांतून बाहेर डोकावतात, मशीनमधून धुतलेले मोजे डोकावावेत तसे. हिला हसू येईल असं वाटलं होतं. ही माझ्याकडे ढुंकूनही बघेना. स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून खेकसली, "तिथून काय ओरडता! बोलायचं तर इथे येऊन बोला!"

हातभर अंतरावर बसलेल्या नवऱ्याला!

ताडकन उठलो आणि गच्चीवर गेलो. ऊन मी म्हणत होतं. ड्रमाला हात लावला तर चटका बसला. तरी अर्धा तास तिथेच उभा राहिलो. उद्यापासून जेवताना एक शब्द बोलणार नाही. बघू कुणाचं अडतं.

२१ एप्रिल

बोलत नाही. कुणाचंच अडत नाही. अडतंय ते माझंच.

आज एक प्रयोग केला. मशीन बिघडलं की आम्ही एकेक भाग सोडवून बघतो, घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कळतं. म्हणून आज हिरवं पूर्ण बंद. पुदिना नाही, कोथिंबीर नाही, काही नाही. फक्त डाळ आणि भात, कालवून, ताटभर पसरून दिला. म्हटलं, माझ्या पाल्याचाच राग असेल तर हे तरी संपवेल.

निम्मं खाल्लं. निम्मं तसंच. आणि म्हणाली, "एवढंसंच वाढलंत?"

निम्मं ताट भरलेलं असताना!

म्हणजे पुदिन्याचा दोष नाही. मिठाचा नाही. लिंबाचा नाही. एकेक भाग सोडवत गेलो आणि शेवटी टेबलावर उरलो मी. हिला माझ्या हातचंच नको आहे.

२३ एप्रिल

हे लिहू की नको, असं झालंय.

दुपारी गच्चीवरून उतरत होतो. ही चिमीशी फोनवर बोलत होती. जिन्यात सगळं ऐकू येतं.

"...तू ये आणि मला ने बाई. इथे माझं कोण आहे? ताट वाढून ठेवतात आणि निघून जातात. आधी निदान आतून हाका तरी मारायचे, आता तेही नाही. एकटीच जेवते रोज. भिंतीशी बोलावं तसं. पोटभर वाढत पण नाहीत गं. मागायची लाज वाटते."

मी तिथेच पायरीवर बसलो. हातात कोथिंबिरीची जुडी होती.

खोटं! धादांत खोटं! रोज शेजारी बसतो. रोज. आंघोळीपासून औषधापर्यंत सगळं करतो, ते एक वेळ सोडा. पण शेजारी बसलेला माणूस नाहीच म्हणायचं? चिमीने न्यायचं ठरवलं होतं, ते मी समजू शकत होतो. पण ही स्वतःहून म्हणते, मला ने.

आणि रडत होती. खोटं बोलणारं माणूस असं रडतं का, हा प्रश्न मनात आला होता. रागाच्या भरात त्याचं उत्तर शोधलं नाही.

२४ एप्रिल

बेझिल उपटून टाकलं. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं?

२९ एप्रिल

आज दिवसभरात जे झालं ते सगळं लिहितो, हात दुखला तरी.

चिमी सकाळी आली. आईकडे बघून आधी हसली, मग आत येऊन मला म्हणाली, "बाबा, ही तर अर्धी झालीय हो." रिकामी बॅग आणली होती, हिचे कपडे भरायला. मी कपाट उघडून दिलं. भांडायचं त्राण नव्हतं.

जेवायला तिघं. टेबल लहान. चिमी सरळ माझ्या खुर्चीत बसली, आईच्या डाव्या हाताला. उजवीकडच्या खुर्चीवर औषधांचा डबा, जुने पेपर, इस्त्रीचे कपडे असा डोंगर असतो, तो खाली उतरवून मी तिथे बसलो. शेवटचं जेवण म्हणून सगळं केलं होतं. शेपूचे बटाटे, दही-काकडीत पुदिना, वाटण. हट्टाने सगळं डावीकडे वाढलं. म्हटलं, नाही खाल्लंस तरी लेकीच्या देखत टाक.

मी बसतो न बसतो तोच हिने माझ्याकडे पाहिलं. सरळ, डोळ्यांत. किती दिवसांनी.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं! जेवायला बसलात?"

"रोज बसतो," मी दात आवळून म्हणालो.

"रोज! वाढायचं आणि पळायचं, याला बसणं म्हणतात होय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, "आणि ही पोर कुठे गेली? एवढ्या लांबून आली आणि ऐन जेवायच्या वेळी गायब!"

चिमीचा चमचा हवेत राहिला. आईच्या कोपरापासून तिचं कोपर वीतभर लांब होतं.

"आई, मी इथेच आहे."

हिने मान वळवली. चिमीकडे नाही. माझ्या मागच्या स्वयंपाकघराच्या दाराकडे. आणि लाडाने म्हणाली, "मग ये ना बाहेर. किती वेळ आत राहशील? मी काय तुझ्याशिवाय सुरू करू?"

चिमी माझ्याकडे बघत होती. मी चिमीकडे. ही बिचारी वाट बघून बघून जेवायला लागली. डाळ खाल्ली. भात खाल्ला, उजवीकडून मधपर्यंत. तिथे जणू कुणी रेघ मारली होती. रेघेपलीकडे शेपू, काकडी, वाटण, सगळं माझं महिनाभराचं ऊन. मग हिने चमचा ठेवला आणि हळूच, मला एकट्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आणखी थोडं आहे का हो? भूक आहे मला."

मी काही विचार केला असं म्हणणार नाही. हाताला सवय आहे, एका बाजूने कळलं नाही की वस्तू फिरवून बघायची. मी हिचं ताट धरलं आणि अर्धं फिरवलं.

"अगंबाई! हे कधी वाढलंत?"

आणि तुटून पडली. शेपूचे बटाटे चारच घासांत. दही-काकडीची वाटी तोंडाला लावली. भाताची भिंत पाडली. चिमीने पदर नाही म्हणून बाही तोंडात धरली होती. मग हिने वाटण चाखलं, थांबली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं नवीन लग्न झाल्यावर मी पहिल्यांदा चहा केला तेव्हा बघितलं होतं.

"हे काय आहे? देठांसकट वाटलंत पुदिना? कडूजहर झालाय. आणि एवढं जिरं? म्हशीचं औषध करताय की काय?"

खरं होतं. रोज काहीतरी घालत, काहीतरी बदलत, मी त्या वाटणाचा पार चुथडा करून ठेवला होता. सुरुवातीचं चांगलं होतं. ते हिने खाल्लंच नाही. खाल्लं नाही म्हणजे, तिच्यापर्यंत ते पोहोचलंच नाही.

नंतर गच्चीवर जाऊन बसलो. महिनाभर मी बिघाड शोधत होतो पुदिन्यात, लिंबात, हिच्या स्वभावात. हिच्या लेखी त्या खुर्चीत कुणी नव्हतंच. आणि ती रिकामी खुर्ची हिच्यावर फुगून बसली होती.

खोटं बोलत नव्हती. एकटीच जेवत होती.

३० एप्रिल

व्यायामाच्या बाई गावाहून परतल्या. चिमीने त्यांना फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी हिच्यापुढे कागदावर फुलं काढली आणि म्हणाल्या, सगळ्यांवर फुली मारा. हिने उजवीकडच्या फुलांवर मारल्या आणि पेन्सिल ठेवली. "झालं."

बाईंनी सांगितलं, डोळे ठीक आहेत, पण डाव्या बाजूला काही आहे याची दखलच मेंदू घेत नाही. झटक्यानंतर होतं असं. डॉक्टरांच्याही कानावर त्या घालणार आहेत. मी विचारलं, "म्हणजे करंट येतोय, पण एका बाजूचं वायंडिंग गेलंय?" त्या हसल्या. "तसंच समजा. पण हे वायंडिंग सवयीने थोडंफार परत भरता येतं."

मी म्हटलं, "सोपं आहे मग. आजपासून मी उजवीकडे बसणार. ताटही उजवीकडेच सारून ठेवणार."

"नाही आजोबा. तुम्ही डावीकडेच बसायचं."

"काय?"

"त्यांनी तुम्हाला शोधायला हवं. तुम्ही टेबल वाजवा, हाक मारा, हात धरा, पण बसा तिकडेच. आयते समोर गेलात तर मान कधी वळणार?"

कालच तर दिसायला लागलो होतो! मी चांगलाच भडकलो. बाईंनी ऐकून घेतलं आणि बधल्या नाहीत.

चिमीचं आणि हिचं आत बरंच बोलणं झालं. ही बाहेर येऊन म्हणाली, "बॅग रिकामीच ने. पुढच्या तपासणीला वजन नाही वाढलं तर मी स्वतः भरून येईन." माझ्याकडे बघून नाही म्हणाली. मी चुकीच्या बाजूला उभा होतो.

६ मे

चिमी गेली. वाटतं तितकं सगळं सुरळीत नाही. हिला कितीही समजावलं तरी घासापुरतं पटतं, पुढच्या घासाला डावी बाजू पुन्हा गायब. "माझं सगळं व्यवस्थित आहे, तुम्ही आणि त्या बाई मिळून मला वेड्यात काढताय," म्हणून काल ताट ढकललं. दही लादीवर. पुसताना मीही काहीबाही बोललो, ते इथे लिहीत नाही.

हिरवं अजूनही डावीकडेच वाढतो. बाई म्हणाल्या, ते तिथेच असू द्या, निदान वासाने तरी मान वळेल. पुदिना ताटात ठेवायच्या आधी हातावर चुरडतो.

आज दुपारी बसलो नेहमीच्या खुर्चीत. टेबलावर टिचकी मारली. नाही. हाक मारली. ही स्वयंपाकघराकडे बघून म्हणाली, "या की बाहेर." पुन्हा टिचकी. मग हिचा लुळा हात टेबलावर होता तो धरला आणि म्हटलं, "अगं, इथे. आणखी इकडे. आणखी."

हिने मान वळवायला सुरुवात केली. खिडकी गेली, भिंत गेली, कॅलेंडर गेलं. मध्ये थांबली, परत जाते की काय असं वाटलं. मी हात सोडला नाही. कपाळावर आठ्या घालून, जड दार ढकलावं तशी ही मान ढकलत होती. आणि मग एकदम मी सापडलो.

बराच वेळ बघत राहिली. वरपासून खालपर्यंत.

"काय अवतार केलाय हा," ही म्हणाली. "दाढी करा की हो. कुणी बघत नाही म्हणून काय झालं!"